मूळ ग्रीकवरून

सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

रघुवीरराव येऊन गेले. अभ्यास मंडळाचे कार्यवाह झाल्यापासून ते नुसते चहाला म्हणून कुणाकडे जात नाहीत, काम घेऊनच जातात. पंधरा फेब्रुवारीला आम्हाला एम. ए.ला शिकवणाऱ्या गुप्ते सरांची जन्मशताब्दी आहे. त्या दिवशी मंडळाने पुस्तक काढायचं ठरवलंय: सॉक्रेटिसच्या आधीच्या ग्रीक तत्त्वज्ञांबद्दल जे काही मुळात सापडतं ते सगळं मराठीत. सरांच्या वर्गातल्या टिपा पायाला घ्यायच्या, बाकीचं मी पुरं करायचं.

"आणि तुमच्याकडे आता तो ग्रीकवाला आहेच," म्हणाले. "कव्हरवर 'मूळ ग्रीकवरून' असं टाकू. वजन येतं."

ग्रीकवाला म्हणजे बुद्धभूषण. माटुंग्याच्या कॉलेजात माझा विद्यार्थी होता, चौऱ्याण्णव-पंच्याण्णवची बॅच. आता परळच्या एका हॉस्पिटलात रक्ताच्या तपासण्या करतो. ऑगस्टमध्ये माझा एक लेख वाचून त्याने फोन केला तेव्हा मला चेहराही आठवेना. अकरा वर्षं घरच्या घरी प्राचीन ग्रीक शिकलोय म्हणाला. मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, "वाचायला, मॅडम."

सरांच्या टिपांवर मी तीस वर्षं शिकवलं. माझ्या स्वतःच्या नावावर एकही पुस्तक नाही. सदुसष्टाव्या वर्षी ते असावंसं वाटतं, हे इथे लिहायला हरकत नाही. हो म्हटलं.

रविवार, २० ऑक्टोबर

बुद्धभूषण बरोबर दहाला आला. रात्रपाळी संपवून थेट ठाकुरद्वारला. पोहे नको म्हणाला, चहा घेतला. पाठीवरच्या सॅकमधून हिरव्या पुठ्ठ्याच्या वह्या काढल्या. उजव्या पानावर ग्रीक आणि एकेका शब्दाखाली मराठी अर्थ. डावं पान शंकांना ठेवलेलं. विहारातल्या वर्गात पाली असंच शिकलो, म्हणाला, मग वाटलं ही रीत दुसऱ्या भाषेलाही चालेल.

तीन तासांत दोन उतारे झाले. मी निवडलेत दोनशे चौदा. ह्या वेगाने माझी शताब्दी येईल.

प्रत्येक उताऱ्याला त्याचा एकच प्रश्न: "हे कोण सांगतंय, मॅडम?" अरे, तत्त्वज्ञ सांगतोय, आणखी कोण? पण तो तसं घेत नाही. हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत, की दुसऱ्या कुणी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगितलंय, आणि सांगणारा त्याच्यानंतर किती वर्षांनी झाला, आणि त्याला तो आवडत होता की नव्हता. हे सगळं झाल्यावर मग अर्थ.

मला हे माहीत नाही असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि दर ओळीला थांबणं वेगळं.

रविवार, २७ ऑक्टोबर

आज डोकं उठलं.

थेलीस घेतला. पहिलाच तत्त्वज्ञ, त्यामुळे पुस्तकाचं पहिलंच प्रकरण. सरांची मांडणी अशी की थेलीसने पाणी हे विश्वाचं मूळ मानलं आणि त्याला कारणं दिली: सगळ्यांचं अन्न ओलं असतं, बीज ओलं असतं, वगैरे. तीस वर्षं मी दर जूनमध्ये पहिल्या तासाला टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचे आणि सांगायचे, देवाने केलं म्हणून न थांबता कारण देणारा हा पहिला माणूस. वर्ग गप्प व्हायचा. तो तास माझा होता.

"मॅडम, कारणं त्याने दिली नाहीत," बुद्धभूषण म्हणाला.

मग वही पुढे सरकवली. थेलीसचं स्वतःचं एक अक्षर उरलेलं नाही, ते मलाही ठाऊक आहे. हे सांगणारा तत्त्वज्ञ त्याच्यानंतर अडीचशे वर्षांनी झाला. पण तोसुद्धा कारणं सांगताना एक शब्द घालतो. इसोस. म्हणजे 'कदाचित'. कदाचित ह्यावरून त्याला तसं वाटलं असावं. सरांच्या टिपांत तो शब्द नाही.

"एका शब्दाने काय होतं?" मी म्हटलं.

"अंदाज होता, त्याची साक्ष होते, मॅडम."

सरांनी काही विचार करूनच गाळला असेल, असं मी म्हटलं. तो गप्प बसला. त्याचं हे गप्प बसणं मला सहन होत नाही. वाद घालणाऱ्याशी बोलता तरी येतं.

सोमवार, २८ ऑक्टोबर

कपाटातून इंग्रजी पुस्तक काढलं. ज्याच्यावरून सर शिकवायचे तेच, एम. ए.ला असताना मी घेतलेली माझी प्रत. थेलीसचा उतारा पट्टी धरून पेन्सिलने अधोरेखित केलेला. रेघ कुठे सुरू होते ते बघितलं. 'परहॅप्स'च्या पुढच्या शब्दापासून.

म्हणजे ग्रीक यायची गरजच नव्हती.

बुद्धभूषणला हे सांगायचं काही कारण नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

दिवाळीमुळे रविवार गेला, म्हणून आज संध्याकाळी बोलावलं. मीच आपण होऊन सांगितलं की 'कदाचित'ची तळटीप देऊ. वाटलं, खूश होईल.

"तळटीपेत का, मॅडम? तो वाक्यात आहे."

बघू म्हटलं. मग दोन तास आम्ही फक्त कामापुरतं बोललो.

रविवार, १७ नोव्हेंबर

वेग वाढलाय, कच्चा अनुवाद आता तो घरूनच करून आणतो. चौऱ्याऐंशी उतारे झाले. पण त्याने आपल्या वहीत आणखी एक यादी सुरू केलीय: सरांचं मराठी मुळापेक्षा जास्त बोलतं अशा जागा. आज सतरा झाल्या. मी म्हटलं, ही यादी पुस्तकात जाणार नाही. तो म्हणाला, नाही, ती माझ्यासाठी आहे.

चहा पिताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "हे मी तुम्हाला वर्गात विचारलं होतं, मॅडम. पहिल्याच आठवड्यात. थेलीसने हे कुठे लिहिलंय म्हणून."

"मग मी काय म्हटलं?"

"म्हणालात, आधी पास व्हायचं बघ." तो हसला. "झालो पण. चाळीस मार्कांनी."

मला हे अजिबात आठवत नाही. त्या वेळी वर्गात नव्वद मुलं असायची. आणि म्हटलं असेन तरी त्यात वावगं काय? काही मुलांसाठी आधी पास होणंच महत्त्वाचं असतं. त्याच्या भल्यासाठीच म्हटलं असणार.

तो मनात धरून बसलाय असं दिसलं नाही. तरी मग सांगितलं कशाला?

शुक्रवार, ६ डिसेंबर

रघुवीररावांनी आज मंडळात बैठक ठेवली होती. सकाळी त्यांच्याच लक्षात आलं की आज सहा तारीख, दादरला पाय ठेवायला जागा नसणार. रद्द. मंडळाची खोली हिंदमाताजवळ साड्यांच्या दुकानावर आहे. तिथपर्यंत माणसांच्या रांगा असतात म्हणे.

बुद्धभूषणने तीन दिवस रजा काढलीय. शिवाजी पार्कात ह्यांच्या हॉस्पिटलातल्या लोकांचा तपासणीचा तंबू असतो, बाहेरगावहून आलेल्यांची साखर आणि रक्तदाब बघतात. पुण्याचं काम आहे, नाही म्हणत नाही. पण तीन दिवसांची रजा मिळू शकत होती तर ती माझ्या कामासाठी का मागितली नाही? छपाई जानेवारीत आहे.

रविवार, ८ डिसेंबर

आला तो आवाज बसलेला. तरी सहा उतारे केले. निघताना म्हणाला, "पुढच्या वर्षी आपलं पुस्तक तिथे स्टॉलवर ठेवू, मॅडम. जातं बघा."

'आपलं पुस्तक.' ऐकून बरं वाटलं, आणि थोडं खटकलंही. का ते सांगता येणार नाही.

रविवार, २२ डिसेंबर

भांडण. म्हणजे मी भांडले.

त्याची नवी सूचना: तत्त्वज्ञाचे स्वतःचे शब्द जाड ठशात छापायचे, बाकीच्यांनी त्याच्याबद्दल सांगितलेलं साध्या ठशात. वाचणाऱ्याला पानावर बघितल्याबरोबर कळावं. मी विचारलं, असं जाड किती निघेल? त्याने मोजून ठेवलं होतं. दोनशे चौदांपैकी एकसष्ट.

"म्हणजे लोकांनी एवढं मोठं पुस्तक घ्यायचं आणि त्यात तत्त्वज्ञ एवढेसे?"

"आहेत तेवढेच आहेत, मॅडम."

वर म्हणाला, त्या एकसष्टांतलेही कितीतरी विरोधकांनी जपलेत. खोडून काढायला म्हणून कुणी उतारा घेतला, आणि मूळ पुस्तक गेलं, खोडणाऱ्याचं राहिलं. "आपल्याकडे चार्वाकांचं तसंच नाही का? त्यांचं म्हणणं त्यांना शिव्या घालणाऱ्यांच्या पोथीत वाचायचं."

हे मी एम. ए.च्या मुलांना शिकवलेलं आहे. त्याने मला शिकवावं याचा राग आला. मी म्हटलं, तू तंत्रज्ञ आहेस, तुला प्रत्येक गोष्ट काचेखाली घालून बघायची सवय आहे, तत्त्वज्ञान असं होत नाही. बोलल्यावर वाईट वाटलं. तो म्हणाला, "हो, सवय आहे," आणि पुढचा उतारा काढला.

संध्याकाळी मनवाचा बंगळूरहून फोन आला. तिच्यापाशी सगळं ओकले. शेवटी ती म्हणाली, "आई, पण पुस्तकावर दोघांची नावं येणार ना?"

म्हटलं, विषय तो नाही.

बुधवार, १ जानेवारी २०२५

जाड ठसा करायचा ठरवला. त्याला कळवलं. 'थँक यू मॅडम' एवढाच मेसेज आला. सरांशी मी बेइमानी करतेय का? सर असते तर एका वाक्यात ह्याला गप्प केलं असतं. पण ते काय म्हणाले असते, ते मला काही सुचत नाही.

रविवार, १२ जानेवारी

प्रुफं आली. दोनशे चौदाही उतारे पुरे झाले, सरांच्या चुकांची यादी एकेचाळीसवर थांबली. त्यातल्या सदतीस मी मजकुरात दुरुस्त केल्या, मुकाट्याने. खरं सांगायचं तर पुस्तक फार चांगलं झालंय. पहिल्यांदाच मला वाटलं की ही माणसं बोलतायत, त्यांच्याबद्दलची टिपणं नाहीत.

पहिलं पान: 'मूळ ग्रीकवरून. अनुवाद व संपादन: डॉ. पद्मजा केतकर.' चौथ्या पानावर आभार: 'काही ग्रीक शब्द तपासण्यासाठी श्री. बुद्धभूषण यांचे साह्य झाले.'

हे रघुवीररावांनी परवाच फोनवर वाचून दाखवलं होतं. आडनाव राहिलंय, असं मी म्हटलं. "राहू द्या हो, उगाच कशाला," म्हणाले. उगाच कशाला म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. खरं तर आडनाव मला तेव्हा आठवतही नव्हतं.

बुद्धभूषणने पानं एकेक करून बघितली. चौथ्या पानावर थांबला, मग उलटून पुन्हा पहिल्यावर गेला. मी म्हटलं, मंडळाची पद्धत असते, खपाचा विचार करावा लागतो. त्याने मान हलवली. नेहमीसारखा दुपारी एकला निघाला. वह्या माझ्याकडेच ठेवून जातो, त्या ठेवून गेला.

मंगळवार, १४ जानेवारी

फोन आला. "मॅडम, आभारातलं माझं नाव काढा."

आधी तिळगूळ घ्या-द्या झालं आणि मग हे. मी विचारलं, रागावलास का? नाही म्हणाला. मग? "भेटलो की सांगतो."

छपाईला आठवडा उरलाय आणि हा अडून बसलाय. तीन महिने मी माझे सगळे रविवार दिले. त्याचंही नाव छापलं जातंय, तेही नको. माणसाने करायचं तरी काय?

रविवार, १९ जानेवारी

तो आला नाही, म्हणून मी गेले. लालबाग. त्यांची चाळ पाडल्यापासून संक्रमण शिबिराच्या इमारतीत राहतात, सहावा मजला, लिफ्ट चालू होती सुदैवाने. दार त्याच्या आईने उघडलं. जाईबाई. ऐंशीच्या पुढच्या, ताठ.

"तुमीच काय त्या मॅडम," म्हणाल्या. "बसा. ड्युटीवरनं येल एवढ्यात."

खोली लहान, पण एक अख्खी भिंत पुस्तकांची. मी म्हटलं, तुम्हाला त्रास होत असेल, तो इतका वेळ वाचत बसतो. "तरास कसला? मला वाचता येत नाय. तो मोठ्यानं वाचतो, मी आयकत जेवते. समजत नाय काय, पण बरं वाटतं." मग म्हणाल्या, "सगल्यांना सांगतो ना तो. मॅडमनी पयल्या दिवशी टेबलावर पाण्याचा गिलास ठेवला, तवापासनं माझं डोकं फिरलं. विहारात पोरांना शिकवतो तितं पण आधी तुमचंच नाव सांगतो."

मला संकोच वाटला. तेवढ्यात तो आला.

मी सरळ विचारलं, तुला पहिल्या पानावर नाव हवंय का? त्याने थोडा विचार केला.

"मॅडम, लॅबमध्ये रिपोर्ट जातो ना, त्याच्यावर सही असते. ज्याने स्लाइड बघितली त्याची. मान मिळावा म्हणून नसते ती. उद्या चूक निघाली तर पकडायचं कुणाला, हे पेशंटला कळायला पाहिजे. 'मूळ ग्रीकवरून' लिहिलंय. मग ग्रीक कुणी बघितलं ते लिहा. नाहीतर ते शब्द काढा. पण बघितलं एकाने आणि सही दुसऱ्याची, असा रिपोर्ट मी नाही देत."

"आणि आभार?"

"काही शब्द तपासले, असं आहे ते. ते खरं नाही."

जाईबाईंनी भाकरी खायला बसवलं. सुकटीची चटणी होती, मी खात नाही, त्यांनी न सांगता वेगळी लसणीची काढली. निघताना मी त्याला शब्द दिला की रघुवीररावांशी बोलेन.

मंगळवार, २१ जानेवारी

बोलले. मंडळाच्या खोलीत, खाली लग्नाच्या साड्यांची गिऱ्हाइकं, वर आम्ही दोघं.

दोन्ही नावं घाला म्हटलं. रघुवीरराव आधी हसले, मग समजावू लागले. तो कोण, त्याची पदवी काय, विद्यापीठातले लोक काय म्हणतील. "पद्मजाताई, लॅबमधल्या माणसाने गुप्ते सरांच्या चुका काढल्या असं शताब्दीला छापायचं का आपण?" मी म्हटलं, पण त्याने काढल्यात. तर म्हणाले, "मग राहू दे. नवीन काही नको. सरांच्या टिपाच जशाच्या तशा छापू. संपादक म्हणून तुमचं नाव राहील."

मी नाही म्हटलं नाही. विचार करते म्हटलं.

का म्हटलं? बसने येताना सगळा रस्ता हाच विचार करत होते. पुस्तक माझ्या नावावर येणार होतं, एवढंच कारण सापडतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

बुद्धभूषणला आठवडाभराने सगळं कळवलं होतं. "बरं," म्हणाला. बाकी काही नाही. रविवारचं येणं आपोआपच थांबलं.

आज पुस्तकाची प्रत आली. आत सरांच्या टिपा, एकेचाळीस चुकांसकट. जाड ठसा नाही, 'कदाचित' नाही. कव्हर आधीच छापून झालं होतं म्हणून तसंच राहिलंय: 'मूळ ग्रीकवरून', आणि खाली माझं नाव.

माझं पहिलं पुस्तक. टेबलावर पालथं घालून ठेवलंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

बोलून आले. आजच लिहिलं पाहिजे.

दादरचा छोटा हॉल. हजेरीच्या वहीत अडतीस सह्या. पुढच्या रांगेत सरांची मुलगी मेघना. सरांच्या फोटोला हार. रघुवीररावांचं प्रास्ताविक झालं, प्रकाशन झालं, मग मी. सरांच्या आठवणी सांगायच्या होत्या, लिहूनही नेल्या होत्या. कागद काढलाच नाही.

म्हटलं, "ह्या पुस्तकावर 'मूळ ग्रीकवरून' असं छापलंय. ते खरं नाही. गुप्ते सरांना ग्रीक येत नव्हतं. मलाही येत नाही. थेलीसच्या प्रकरणात एक शब्द गाळलेला आहे. तो मला आढळला. अशा एकेचाळीस जागा मला आढळल्या. त्यातली एक तरी मी तीस वर्षांत बघायला हवी होती, कारण ती माझ्याच कपाटातल्या पुस्तकात होती. मी बघितली नाही. ह्या पुस्तकावरून माझं नाव काढावं."

मेघना उठून गेली. तिचा तरी काय दोष? रघुवीररावांनी माइक घेतला आणि म्हणाले की मॅडमचा सरांवर हक्काचा राग होता, थोर माणसांचे विद्यार्थी असेच असतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बटाटेवडे आले.

दारात एक बाई दुसरीला म्हणताना ऐकलं, "रिटायर झाल्यावर होतं असं."

होऊ दे. कितीतरी वर्षांत मला एवढं मोकळं वाटलं नव्हतं. हॉलबाहेर येऊन पहिला फोन बुद्धभूषणला केला. "सॅम्पल लावतोय मॅडम, उद्या येतो." यायलाच हवा होता तो आज. ज्याने ऐकायला हवं तोच नव्हता.

रविवार, १६ फेब्रुवारी

दहाला आला. मी चहा ठेवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. रघुवीररावांचा चेहरा, टाळ्या, बटाटेवडे. तो ऐकत होता, एकदा हसलाही.

"काय बोललात ते जसंच्या तसं सांगाल का, मॅडम?"

मला पाठ होतं. काल वहीत उतरवलंही होतं. सांगितलं.

"ते शब्दाचं वाक्य पुन्हा एकदा."

"थेलीसच्या प्रकरणात एक शब्द गाळलेला आहे. तो मला..."

तिथे मी थांबले.

तो म्हणाला, "चांगलं बोललात, मॅडम. सोपं नसतं." मग उठून कपाटाजवळ गेला. त्याच्या वह्या ऑक्टोबरपासून खालच्या फळीवर होत्या. एकेक काढून सॅकमध्ये भरल्या. मी म्हटलं, राहू दे ना इथे. म्हणाला, "लागतात."

दारापर्यंत गेले. रागावल्यासारखा नव्हता, चपला घालताना मला वाकून नमस्कारही केला. तो नसता केला तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दोन दिवस ही वही मागून पुढे वाचतेय. त्याचं आडनाव कुठेही नाही. ऑगस्टच्या पहिल्या फोनवर त्याने नक्की सांगितलं असणार. रघुवीररावांचं 'उगाच कशाला' मी बारा जानेवारीला लिहून ठेवलंय आणि त्याच्या खालीच माझं वाक्य आहे की मला आठवत नव्हतं. दोन्ही एकाच पानावर. तो वर्गात काय म्हणाला, मी काय म्हणाले, सगळं आहे. 'काही मुलांसाठी' असं लिहिलंय मी. कुठल्या मुलांसाठी?

आज वाचताना हे दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटलं. बाई काही बरी वाटली नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

फोन करून आडनाव विचारायची लाज वाटली. तो कामावर असेल अशा वेळी लालबागला गेले. त्या दिवशी दारावरची पाटी बघितली नव्हती, आज बघितली. जाईबाईंनी आत बोलावलं, मी नको म्हटलं. "आलात तशा निघालात?" म्हणाल्या. काय सांगणार?

घरी येऊन त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्यांसाठी पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण प्रत्येक वेळी ते माझ्याबद्दलच होत होतं. शेवटी एवढंच राहिलं:

'पंधरा तारखेच्या माझ्या भाषणात चूक होती. थेलीसच्या उताऱ्यातला गाळलेला शब्द मला आढळलेला नाही. तो २७ ऑक्टोबर २०२४ रोजी श्री. बुद्धभूषण रामदास येलवे यांनी मला मूळ ग्रीकमध्ये दाखवला. उरलेल्या चाळीस जागाही त्यांनीच शोधल्या आहेत. दोनशे चौदा उताऱ्यांचा संपूर्ण अनुवाद त्यांनी मूळ ग्रीकवरून केला असून तो अप्रकाशित आहे. मी फक्त मराठी वाक्यं सारखी केली. शब्द दाखवला त्या दिवशी मी त्यांचं म्हणणं मानलं नव्हतं.'

शनिवार, २२ फेब्रुवारी

हजेरीच्या वहीतले पत्ते मंडळाकडे मागितले. रघुवीररावांनी दिले नाहीत. पत्र मंडळाच्या वार्तापत्रात छापाल का विचारलं, तर "जागा असेल तर बघू." जागा नसणार.

ओळखीचे तेवीस पत्ते मलाच आठवले. तेवीस प्रती हाताने काढल्या. झेरॉक्स सहीसारखी वाटेना. मेघनाला सगळ्यात आधी. चोविसावी प्रत लालबागला.

शनिवार, १ मार्च

तेवीसपैकी दोघांचे फोन आले. एकाला वाटलं मंडळात काही राजकारण चाललंय, ते नक्की काय ते त्याला हवं होतं. दुसरीने विचारलं, तब्येत बरी आहे ना. मेघनाने पत्र परत पाठवलं, न फोडता.

दुपारी बुद्धभूषण येलवे यांचा मेसेज आला.

'पत्र मिळालं मॅडम. वहीत तारीख तपासली, बरोबर आहे. चाळीस नाही, एकोणचाळीस. एक जागा तुम्ही काढली होती, यादीतली सव्विसावी. ती तुमच्या नावावर आहे.'

रविवारी येणार का, ते लिहिलेलं नाही.